शाळेची उधारी



२८ जानेवारी २०२५ रोजी शालेय शिक्षण विभागाचा एक शासन निर्णय निघाला. पोषण आहारात आठवड्यातून एकदा मुलांना अंडं मिळत होतं, अंडं न खाणाऱ्याला केळं. त्यासाठी सरकार यापुढे वेगळा पैसा देणार नाही, असा त्याचा मथितार्थ. अंडं बंद केलं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शाळा व्यवस्थापन समितीला द्यायचं असेल तर तिने लोकसहभागातून द्यावं. नाचणी सत्त्वात आणि खिरीत घालायची साखरही लोकसहभागातूनच. हे अंडं सुरू झालं होतं २०२३ च्या नोव्हेंबरात, म्हणजे त्याला धड दीड वर्षही झालं नव्हतं. त्याचा राज्यभराचा खर्च वर्षाला पन्नास कोटींच्या आसपास होता. ज्या वर्षी तो वाचवला त्याच वर्षीचा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता.

तुमच्या कुरुंद्यात, शेजारी गिरगावात, डोंगरकड्याला केळीचे घड ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जातात. इथल्या शाळेतल्या पोराला आठवड्याला एक केळं द्यायचं तर त्याची वर्गणी गोळा करा, असं सरकार सांगतंय. आणि तुम्ही ती कराल, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. आज मला बोलायचंय ते या ठाऊक असण्याबद्दल.

हे व्याख्यान नरहर कुरुंदकरांच्या स्मरणार्थ आहे. त्यांनी या गावाचं नाव आडनाव म्हणून महाराष्ट्रभर नेलं. १५ जुलै १९३२ ला नांदापूरला जन्म आणि १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत, भाषण करता करता मृत्यू. पन्नाशीही पुरी झाली नाही. लोक त्यांना विचारवंत, समीक्षक म्हणतात. नांदेडात मात्र ते कुरुंदकर गुरुजी होते. इंटरला ते पुन्हापुन्हा नापास झाले, पुढे प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी केली आणि अखेरीस पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ते शिकायला हैदराबादला गेले तेव्हा मामांच्या, म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकरांच्या घरी राहिले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. मराठवाड्यातल्या त्या पिढीतल्या बहुतेक शिकलेल्या माणसांच्या चरित्रात असा एखादा मामा, मावशी नाहीतर आत्या असतेच. निजामाच्या राज्यात शंभरातली दहा माणसंही साक्षर नव्हती, मराठीतली शाळा सापडणं दुर्मीळ आणि कॉलेज तर थेट हैदराबादला. सरकारने जे करायचं ते नातेवाइकांच्या स्वयंपाकघरातून झालं. ज्याला असा मामा नव्हता तो शिकला नाही. त्याचं चरित्र कोणी लिहिलेलं नसल्यामुळे तो आपल्याला दिसतही नाही.

तेव्हा सरकार नव्हतं म्हणून घर धावलं. आता सरकार आहे, शाळा आहे, कायदा आहे, आणि तरी घरालाच धावावं लागतंय. फरक एवढाच की आताच्या धावण्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. मी शिक्षण खात्याच्या कागदांत आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून वह्यांबद्दल बोलतो. शिक्षणावरचा खर्च कमी केला, असं जेव्हा वित्त विभाग म्हणतो तेव्हा तो खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जातो. कधी मुख्याध्यापकाच्या, कधी चुलीपाशी बसलेल्या बाईच्या, कधी बापाच्या हळदीच्या पट्टीवर. ज्याच्या खात्यावर तो जातो त्याला विचारलेलं नसतं.

कपातीचा थेट जीआर सहसा निघत नाही. अंड्याचा निघाला तो अपवाद. बाकीची कपात शांतपणे होते. १९९२ च्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, सरकारने एक चांगली योजना आणली. पहिली ते चौथीच्या मागास घटकांतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता. तेव्हा त्या रुपयाला अर्थ होता. मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली तर आईची मजुरी वाचायची, तिच्यापुढे हा रुपया निदान बोलत तरी होता. तीस वर्षं उलटून गेली तरी तो रुपया रुपयाच राहिला. शाळेचे दोनशेवीस दिवस धरले तर वर्षाचे दोनशेवीस रुपये, आणि त्यासाठी बँकेत खातं, आधार, हजेरीचा तक्ता. ही योजना कोणी बंद केली नाही. महागाईने ती खाल्ली आणि खात्याने फक्त बघितलं.

दुसरी तऱ्हा रिकाम्या जागेची. अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की ती जागा पुन्हा भरायची नाही, असं ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने ठरलं. त्याऐवजी शिपाई भत्ता: मुंबई-पुण्यात महिना दहा हजार, इतर महापालिकांत साडेसात आणि आपल्यासारख्या ग्रामीण भागात पाच हजार. पाच हजारांत सकाळी फाटक उघडून, वर्ग झाडून, पाणी भरून, घंटा देऊन, टपाल तालुक्याला, वसमतला नेऊन संध्याकाळी कुलूप लावणारा माणूस मिळतो का, ते तुम्हीच सांगा. मिळत नाही. मग घंटा सातवीतला पोरगा देतो, वर्ग मुलीच झाडतात आणि टपाल घेऊन गुरुजी जातात. गुरुजी टपाल घेऊन गेले की त्या दिवशी दोन वर्ग एकत्र बसतात. सरकारच्या हिशेबात एक पगार वाचला. मुलांच्या हिशेबात गणिताचा तास गेला. हे दोन हिशेब कधी समोरासमोर ठेवलेच जात नाहीत.

शिक्षणसेवकांचं तर आपण सगळे जाणतोच. २००० साली योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना तीन हजार मानधन होतं. मग सहा हजार झालं आणि तिथेच दशकभर अडकलं. २०२३ मध्ये सोळा हजार झालं. मधल्या काळात २०१२ पासून शिक्षकभरतीच बंद होती. डी.एड. झालेली एक अख्खी पिढी पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली आणि तिशी ओलांडून गेली.

पण या सगळ्यात ज्यांच्याबद्दल बोलताना मला अजूनही त्रास होतो ते विनाअनुदानित शाळांवरचे शिक्षक. २००१ च्या नोव्हेंबरात सरकारने ठरवलं, यापुढे नव्या शाळांना परवानगी मिळेल ती 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर. म्हणजे शाळा काढा, मुलं बसवा, परीक्षा घ्या, पण पैसा मागू नका. खेड्यापाड्यांत, तांड्यांवर अशा शाळा निघाल्या, कारण तिथे मुलं होती. २००९ मध्ये 'कायम' काढून टाकलं. मूल्यांकन झालं, पात्र-अपात्र याद्या झाल्या. २०१६ मध्ये पहिला वीस टक्के अनुदानाचा टप्पा. मग चाळीस, मग साठ, आणि दरवेळी त्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसायचं. २०२५ च्या जुलैतही बसावं लागलं, भर पावसात. या शिक्षकांमधले कित्येक जण पंधरा-वीस वर्षं सकाळी वर्गावर आणि दुपारनंतर दुसऱ्याच्या शेतात, नाहीतर रिक्षावर, नाहीतर किराणा दुकानात हिशेब लिहायला असे जगले. त्यांच्या बायकांचे दागिने, वडिलांचं एखादं एकर त्या शाळेत जिरलं. आता मला सांगा, त्या वीस वर्षांत त्या शाळेतून जी मुलं दहावी झाली, त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला? राज्याने नक्कीच नाही. एका मास्तराच्या घराने केला. सरकारच्या तिजोरीला यापेक्षा मोठी देणगी महाराष्ट्रात कोणी दिलेली नाही आणि तिची पावती कोणाकडे नाही.

संस्थाचालकांनी या काळात काय काय केलं, तेही या गर्दीतल्या अनेकांना माहीत आहे. त्यावर बोलायला दुसरं व्याख्यान लागेल.

आता जरा जवळून बघू. शाळेच्या खिचडीचा हिशेब मी एका मुख्याध्यापकांच्या वहीत पाहिलेला आहे. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, अशी वही सगळीकडे सापडेल. तांदूळ सरकारचा येतो. डाळ, तेल, मसाला ठेकेदार पुरवतो. इंधन आणि भाजीपाला शाळेने घ्यायचा, बिल नंतर मिळतं. ठेकेदाराचा करार संपला आणि नवा झाला नाही, असं अधूनमधून होतंच. तेव्हा वरून निरोप येतो की शाळास्तरावर खरेदी करा, आहार बंद पडता कामा नये. मग गुरुजी गावातल्या किराणा दुकानात जातात. त्या वहीचं पहिलं पान सरकारी नमुन्यात होतं, टापटीप. मागच्या पानांपासून उलटी दुसरी वही सुरू होत होती: मूगडाळ, तेलाचा डबा, हळद, मोहरी, गॅसची टाकी, आणि पुढे दुकानदाराची सही. बिल आलं की एक आडवी रेघ. तीन महिन्यांच्या रेघा मारायच्या राहिल्या होत्या. मी विचारलं, दुकानदार थांबतो का? ते म्हणाले, "त्याची दोन पोरं आपल्याच शाळेत आहेत."

दर काय, तेही ऐकून ठेवा. २०२५ च्या मे महिन्यापासून केंद्राने ठरवलेला आहाराचा खर्च प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. ते शिजवणाऱ्या बाईला महाराष्ट्रात महिन्याला अडीच हजार. शाळेचे पंचवीस दिवस धरले तर रोजचे शंभर रुपये. हळदीच्या काढणीला गेलेल्या बाईला किती रोज मिळतो ते तुम्हीच ठरवलेलं असतं, तेव्हा तुलना करायला मला लावू नका. तरी ती येते. तिचा नातू त्या शाळेत जेवतो, दहा महिने काम हमखास असतं, आणि गावात सांगायला शाळेतली नोकरी असते. तिच्या या गरजेवर आपली एवढी मोठी योजना उभी आहे. टोमॅटो महागले की तीच घरून चार वांगी घेऊन येते.

घराकडे वळू. जून महिना आपल्याकडे सगळ्यात वाईट. मृगाचा पाऊस, बियाणं, खताच्या गोण्या आणि शाळेची सुरुवात, सगळं एकाच पंधरवड्यात. सरकार पुस्तकं फुकट देतं हे खरं, आणि मोठं आहे. पण वह्या, दप्तर, पावसाळी चपला, पाचवी-सहावीनंतर ट्यूशन आणि करोनानंतर मोबाइलचं रिचार्ज हे घराचं. दोन गणवेशांचे मिळून सहाशे रुपये सरकार देतं. २०२४ मध्ये तेही व्यवस्थापन समितीकडून काढून 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड वरून आलं. मापं चुकली, शिवण उशिरा झाली, पंधरा ऑगस्टला कित्येक शाळांतली मुलं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी राहिली. वर्ष संपायच्या आत तो कारभार पुन्हा समितीकडे द्यावा लागला. सहाशे रुपयांत पैसे वाचवण्याच्या नादात खात्याने स्वतःचीच अब्रू घालवली, एवढंच.

जिथे हळद आहे तिथे माणसं हळदीवर भागवतात. शिजवून, वाळवून, पॉलिश करून माल वसमतच्या मोंढ्यावर जातो, पट्टी येते आणि त्यातून थकलेली फी, वसतिगृहाचं भाडं जातं. भाव पडला त्या वर्षी आधी मुलीचं जातं. हे कोणी मोठ्याने बोलत नाही. मुलगा पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत आणि मुलगी चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत, ही व्यवस्था आपल्या घरांनी कुठलाही ठराव न करता केलेली आहे. ज्यांच्याकडे हळद नाही ते ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कोयते निघाले की मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू व्हायला हवं. कागदोपत्री ते असतं. मंजुरी बऱ्याचदा अशा वेळी येते की आईबाप कधीच गाडीत बसून गेलेले असतात. मग पोर आजीजवळ राहतं, नाहीतर फडात. आजीजवळ राहिलं तर शाळेत टिकतं. इथे पुन्हा तो कुरुंदकरांचा मामा येतो. फक्त ही आजी सत्तरीची आहे आणि तिच्या गुडघ्यात दम नाही.

लाडकी बहीण योजनेचं नाव मी घेणार, याची काही जण वाटच बघत असतील. २०२४-२५ मध्ये तिच्यासाठी शेहेचाळीस हजार कोटींची तरतूद होती, आणि अंड्याच्या पन्नास कोटींशी तिची तुलना करणं सोपं आहे. मी ती करून बाईच्या हातात पडलेल्या पंधराशे रुपयांना दोष देणार नाही. ते पंधराशे कुठे जातात ते कुठल्याही बचत गटात विचारा: ट्यूशन, वह्या, व्हॅनचं भाडं. म्हणजे सरकारने एका हाताने शाळेतून काढलेला पैसा दुसऱ्या हाताने आईला दिला आणि आईने तो खासगी क्लासवाल्याला दिला. शाळा मात्र जिथल्या तिथेच.

आता लोकसहभाग. माझा खरा वाद इथे आहे, आणि मला माहीत आहे की तो तुम्हाला आवडणार नाही, कारण गावांना आपल्या शाळेसाठी केलेल्या कामाचा अभिमान असतो. असायलाही हवा. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि डिजिटल शाळांची लाट उठली. गावांनी वर्गणी काढली, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिले, शिक्षकांनी पगारातून भिंती रंगवल्या. फोटो निघाले, अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली. आणि पुढे वीजबिल कोणी भरायचं, हे कोणी ठरवलंच नव्हतं. बिल थकलं, जोडणी तोडली गेली, आणि वर्गणीतला टीव्ही फडक्याखाली झाकून ठेवला गेला, असे प्रकार जिल्ह्याजिल्ह्यात झाले. शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार. त्यातून खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीज. तेही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 'लिमिट पडली, दोन दिवसांत खर्च करा' अशा निरोपासह. दोन दिवसांत खर्च झाला नाही तर पैसे परत. मग गुरुजी कोटेशनं गोळा करत फिरतात आणि त्या दोन दिवसांत शाळेला खरोखर हवं ते सोडून दुकानात जे तयार असेल ते घेतलं जातं.

मोठ्या गावाला वर्गणी जमते. कुरुंद्यात जमेल. इथे बाजार आहे, टोकाईचा साखर कारखाना आहे, बाहेर नोकरीला लागलेली मुलं आहेत. पाच-सहा किलोमीटरवरच्या वस्तीत, तांड्यावर, जिथे निम्मं गाव सहा महिने फडात असतं, तिथे कोणाकडे मागायचं? लोकसहभागावर शाळा चालवायची म्हटलं की ज्या शाळेला सगळ्यात जास्त लागतं तिला सगळ्यात कमी मिळतं. सरकार असतं ते याच्या उलट करण्यासाठी. २०२३ च्या सप्टेंबरात दत्तक शाळा योजना आली. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना पन्नास लाख किंवा दहा वर्षांना एक कोटीच्या वस्तू-सेवा दिल्या तर देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडता येईल. तांड्यावरच्या शाळेसाठी कोणती कंपनी पन्नास लाख घेऊन उभी राहणार? आणि त्याच महिन्यात दुसरा कागद निघाला, समूह शाळांचा. राज्यात तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती, ती मोठ्या शाळांत आणता येतील का, याचे प्रस्ताव मागवले. कायदा सांगतो, पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा. समूह शाळेत प्रयोगशाळा असेल, मैदान असेल, हे मी नाकारत नाही. पण सहा वर्षांच्या पोरीला सकाळी गाडीत बसवताना आईला प्रयोगशाळा दिसत नाही, ओढा दिसतो. २०२२ च्या जुलैत जलेश्वर नदीचं पाणी कुरुंद्याच्या घराघरांत शिरलं होतं, तेव्हा ओढा म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनाच्या मुहूर्तावर, वीसपर्यंत पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक पंधरा हजार मानधनावर, निवृत्तांमधून घ्यायचा निर्णय निघाला. त्याच वर्षीच्या १५ मार्चच्या, शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या निर्णयात सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट वीसच्या खाली असेल तर शिक्षक शून्य धरलेला होता. २५ सप्टेंबरला जिल्हा परिषदांचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले. मानधनावरच्या शिक्षकांचा निर्णय आधी पातळ झाला आणि काही महिन्यांनी मागे घेतला गेला. म्हणजे ओरडल्यावर ऐकू जातं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे शाळा लोकांनीच तर उभ्या केल्या. खरं आहे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निजामाच्या पैशाने उभी राहिली नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० साली अशाच जिद्दीतून निघालं. कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण तर सगळेच देतात, पण अर्धंच. १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद केलं, तेव्हा कर्मवीर दारोदार फिरले आणि लोकांनी मुठीमुठीने धान्य दिलं, हा भाग आपण व्याख्यानांतून ऐकतो. उरलेला भाग असा की अनुदानावरचा रयतेचा हक्क त्यांनी सोडला नाही. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला, आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. लोकांचं धान्य हे सरकारच्या पैशाला पर्याय आहे, असं त्यांनी कधी धरलं नाही. अनुदान परत येईपर्यंत वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत, एवढ्यासाठी ते होतं.

त्याच्याही साठ-सत्तर वर्षं मागे जा. १८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, शेतसाऱ्यातून आणि लोकल फंडातून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. फुल्यांनी दानाची भाषा वापरली नाही. त्यांनी हिशेब मागितला, कारण पैसे आधीच दिलेले होते. तुम्हीही दिलेले आहेत. खताच्या गोणीवर, मोबाइलच्या रिचार्जवर, पोराच्या पेनावर नाहीतर त्याच्या चपलेवर कुठे ना कुठे कर भरूनच तुम्ही शाळेच्या दारात येता. मग तिथे पुन्हा वर्गणीची वही पुढे येते. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहा टक्केच लिहिलंय. चोपन्न वर्षं तोच आकडा लिहून काढतोय आपण.

मग काय करायचं? वर्गणी बंद करा, असं मी सांगणार नाही. उद्या खिचडीत डाळ नसेल तर दुकानदाराने उधार द्यावं, मीही देईन. माझी सूचना अगदी कारकुनी आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २२ काढून वाचा. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार तो आराखडा असेल, असं त्यात लिहिलंय. असेल म्हणजे असेलच. ती विनंती नाही, कायदा आहे. आपल्याकडे हा आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून, तारीख बदलून, मार्चमध्ये सह्या घेऊन पाठवतात. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात, आणि त्यांना सही करायला बोलावलं जातं ते बऱ्याचदा शेतातून, हात मातीचे असताना. तो आराखडा गावाने खरा करावा. शिपाई नाही तर पूर्ण पगाराचा शिपाई लिहा. वीज लिहा, कुंपण लिहा, ओढ्यावरचा साकव लिहा, आजीजवळ राहणाऱ्या पोरांचं वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू व्हायला हवं ती तारीख लिहा, दिवाळीच्या आधीची.

आणि दुसरी वही ठेवा, समितीच्याच दप्तरात, उघडपणे. गुरुजींना ती मागच्या पानावर उलटी लिहायला लागू नये. गावाने शाळेसाठी जे जे दिलं ते त्यात मांडा: रंगाचा डबा, बिलाचे पैसे, अंडी, केळी, किराणा दुकानातली तीन महिन्यांची उधारी, शिजवणाऱ्या बाईने आणलेली वांगीसुद्धा, बाजारभावाने. वर मथळा 'देणगी' असा देऊ नका. 'शासनाकडून येणे' असा द्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती बेरीज वाचून दाखवा, ठराव करा, आराखड्याला जोडा. शेजारच्या वाडीची, तांड्याची वही कोणी लिहिणार नसेल तर तीही कुरुंद्याने लिहावी. तुमच्याकडे लिहिणारी माणसं जास्त आहेत आणि त्यांच्याकडे येणं जास्त आहे.

पैसे लगेच येतील, असं मी म्हणत नाही. लेखापरीक्षक विचारेल हा कोणता नमुना. गटशिक्षणाधिकारी म्हणतील असा रकाना नाही. त्यांना सांगा, रकाना आम्ही आखलाय. मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सांगतो. तोंडी तक्रार कितीही मोठी असो, दुपारच्या जेवणापर्यंत विसरली जाते. पण ग्रामसभेच्या ठरावासह आलेला, आकडे असलेला कागद टेबलावरून हलवावाच लागतो, कारण माहितीच्या अधिकारात त्याचं काय केलं, हे कोणीतरी विचारणार असतं. असे कागद एका तालुक्यातून पन्नास आले तर त्यांची फाईल होते, आणि जिल्ह्यातून पाचशे आले तर विधिमंडळात त्यावर प्रश्न लागतो.

आराखडा वसमतला द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. बाबू जेवायला गेलेत, असं सांगतील. थांबा.